परदेशात शिकायला गेलं की मुलं 'घडतात', हे खरंच आहे का?

नौपाडेकर
परवा वाशीला एका कन्सल्टन्सीच्या सेमिनारला मुलाबरोबर गेलो होतो, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष चालू आहे त्याचं आणि डोक्यात फक्त जर्मनी. स्टेजवरचा माणूस बराच वेळ कॉन्फिडन्स, पर्सनॅलिटी, लाइफ स्किल्स हेच दळत होता, युनिव्हर्सिटीत शिकवतात काय यावर दोन मिनिटं. डिग्रीसाठी जा, नोकरीसाठी जा, समजू शकतो. पण भांडी घासायला आणि पैसे जपून वापरायला शिकण्यासाठी लाखांचं कर्ज? ज्यांची मुलं गेलीत त्यांनी खरं सांगा, गोड नको.

सीवूड्सची_आई
दादा, माझा मुलगा स्टुटगार्टला आहे. जायच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरले आणि तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ च हातात येतात, त्यात भाडं, हेल्थ इन्शुरन्स, खाणं सगळं बसवायचं. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीला फी नाही असं सगळे सांगतात पण स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे, ते सेमिनारवाले हळू आवाजात सांगतात. सुरुवातीला महिना संपायच्या आधीच साहेबांचा पैशांसाठी फोन यायचा, मी पाठवणारच होते, ह्यांनी अडवलं. रविवारी तिथे दुकानं बंद, शनिवारी सामान आणायचं राहिलं की बसा ब्रेड खात. आता पत्त्याची नोंदणी, व्हिसाची मुदतवाढ, घरमालकाला जर्मनमधून मेल, सगळं त्याचं तो बघतो. इथे असताना लाइट बिल कोण भरतं हेही माहीत नव्हतं आणि इथेच राहिला असता तर अजूनही नसतं, कारण मी होते ना.

ऐरोली_अपडाऊन
ताई, उत्तर तुम्हीच दिलंत. मग आईने जरा बाजूला व्हायचं, त्याला स्टुटगार्ट कशाला? माझा मावसभाऊ सांगलीहून घणसोलीला आला, चार जणांत एक खोली, घरमालकाने डिपॉझिट अडवलं तर भांडून वसूल केलं, आणि ट्रान्स हार्बरच्या गर्दीत लोंबकळत ठाण्याला नोकरीला जातो. त्याला कुणी ग्लोबल एक्सपोजर म्हणत नाही. आणि बाहेर गेलेली निम्मी पोरं करतात काय, पाच देशी एका फ्लॅटमध्ये, कुकर, गोडा मसाला, विकेंडला क्रिकेट. घोडबंदर रोडवरून उचलून तिकडे ठेवलं एवढंच, ट्रॅफिक कमी.

कोपरीची_वहिनी
मला एक गंमत वाटते. धाग्यावर सगळे मुलाबद्दलच बोलतायत. 'वरणभात करायला शिकला' म्हणून ज्याचं कौतुक चाललंय ते त्याच्या बहिणीला दहावीच्या सुट्टीतच शिकवलेलं असतं, तेही फुकटात. माझ्या नणंदेची मुलगी डब्लिनला गेली, तिला स्वयंपाक येतच होता. तिला काय मिळालं माहितीये? रात्री लायब्ररीतून एकटी परत येताना 'कुठे आहेस, कधी येतेस' असे फोन नाहीत. स्वतःच्या नावावर भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट. ते सांगलीहून घणसोलीला येऊन मुलीला मिळतं का सांगा, पीजीमध्ये दहाला गेट बंद होतं.

ऐरोली_अपडाऊन
हा पॉइंट घेतला वहिनी. पण मग तो इथल्या गेटचा दोष झाला, तिथल्या शिक्षणाचा गुण नाही.

खारघरचा_लीड्सवाला
मी सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला मास्टर्स करतोय म्हणून लिहितो. कुकर-क्रिकेट खरं आहे, आमच्याकडेही आहे. पण वर्गात काय होतं ते कुणीच लिहीत नाहीये. इथे प्रोफेसरला नावाने हाक मारायची, याची सवय व्हायलाच वेळ लागला, आणि ते लेखकाचं म्हणणं विचारत नाहीत, तुला त्यात काय पटलं नाही ते विचारतात. मी गप्प. आपण कॉलेजभर झेरॉक्स नोट्स पाठ करून पास झालेले, न पटायला आधी वाचावं लागतं हे कुठे माहीत होतं. इथे ७० मिळाले की डिस्टिंक्शन, माझ्या पहिल्या निबंधावर शेरा होता की माहिती छान आहे, तुझं मत कुठे आहे. हे घणसोलीच्या खोलीत नसतं शिकलो.
दुसरी बाजूही लिहितो. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात भाडं निघत नाही. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो आणि काही दिवस कुणाशी मराठी सोडा, काहीच बोलणं होत नाही. कोर्सनंतरचा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाचा मिळणार आहे. घरी फोनवर सगळं मस्त चाललंय असंच सांगतो.

सीवूड्सची_आई
ही शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला बघ. आईला खरं सांगत जा रे.

कल्याणचा_पाहुणा
आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ ला अमेरिकेला गेल्या आणि १८८६ ला डॉक्टर झाल्या, त्या काही कॉन्फिडन्स आणायला गेल्या नव्हत्या. बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, परत आल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळेना. माणूस घडून आला तरी गाव तेच होतं. म्हणून माझं मत, काय शिकायचंय ते आधी ठरवा.

कोपरीची_वहिनी
बरोबर, पण ते १९२० ला लंडनला परत गेले आणि डीएससी ही डॉक्टरेट मिळवलीच. कोलंबियाला जाताना त्यांना स्कॉलरशिप होती. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्तीची माहिती सेमिनारला कुणी दिली का हो?

नौपाडेकर
नाही दिली. लीड्सवाल्याचं वर्गाबद्दलचं थोडं पटलं, भांड्यांचं अजून नाही. सध्या एवढंच केलंय, भारतातल्या मुलांना जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत याची पडताळणी) लागतं त्याची कागदपत्रं, ट्रान्सक्रिप्ट आणि बँकेचं कर्जाचं गणित, तिन्ही त्याच्यावर सोपवलंय. काल रात्री हिला विचारत होता, माझी दहावीची मार्कशीट कुठल्या कपाटात आहे.

ऐरोली_अपडाऊन
तुमच्या घरच्या वहिनींना सांगा, सांगू नका म्हणावं.