कोकणच्या प्रवासात कॅमेरा कसा सांभाळावा?

प्रश्न (नवखा, मुंबई):
मार्चमध्ये रात्रीच्या गाडीने खेडला उतरून वेळासला कासवांची पिल्ले पाहायची आणि पुढे बाणकोट व दिघीच्या फेरीबोटीने मुरुडला जंजिरा पाहायला जायचे, असा बेत आहे. कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश एवढे सामान आहे. एकटाच असल्यामुळे गाडीत झोप लागल्यावर आणि घरगुती मुक्कामाच्या, केवळ कडी असलेल्या खोलीत ते कसे सांभाळावे?

उत्तर (दापोलीकर):
फ्लॅश घरीच ठेवा. पिल्लांवर तो मारू देत नाहीत. मुक्कामाच्या खोलीची फारशी काळजी करू नका, घरमालकांच्या कपाटात पिशवी ठेवायला मागितली तर कोणी नाही म्हणणार नाही. आमच्याकडे खरी भीती खाऱ्या वाऱ्याची आणि वाळूची आहे. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. परतल्यावर काच लगेच कोरड्या फडक्याने पुसली, तर मिठाचे व वाळूचे कण तिच्यावर घासून ओरखडे पडतात. म्हणून आधी ब्लोअरने कण उडवावेत, मग कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि काचेसाठी लेन्सचे वेगळे कापड वापरावे. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना पिशवी अर्धा तास बंदच ठेवावी, अन्यथा थंड काचेवर दव धरते. राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना, हलत्या होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर उतरायला दोन्ही हात मोकळे लागतात. त्या वेळी कॅमेरा गळ्यात लोंबता नको, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठपिशवीत असावा.

उत्तर (नेहमीचा प्रवासी):
मोठी बॅग खालच्या बर्थखालच्या कडीला साखळीने बांधावी. कॅमेऱ्याची पिशवी मात्र उशाशी, पट्टा दंडात अडकवून. चोरी झालीच तर १३९ वर कळवावे. तक्रारीचा अर्ज तिकीट तपासनीसाकडेही मिळतो, त्यासाठी मधल्या स्थानकावर उतरून प्रवास मोडावा लागत नाही. अर्जात कॅमेऱ्याचा व लेन्सचा अनुक्रमांक लिहिता आला पाहिजे. तो बिलासह फोनमध्ये असावा, कॅमेऱ्याच्याच पिशवीत नव्हे. (माझे बिल पिशवीबरोबरच गेले होते.)

उत्तर (लेन्सप्रेमी):
दापोलीकरांशी सहमत आहे, परंतु बुरशीचा धोका परतल्यानंतर अधिक असतो. ओलसर पिशवी तशीच कपाटात ठेवल्यास काही आठवड्यांत लेन्सच्या आत जाळे धरू शकते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. तांदूळ वापरू नयेत, त्यांची पूड आत शिरते. विमा घेणार असाल, तर उभ्या गाडीतून झालेल्या चोरीबद्दलची अट आधी वाचावी.

प्रश्नकर्ता:
आभार. फ्लॅशबरोबर एक लेन्सही घरीच ठेवतो. जंजिऱ्याच्या होडीत साधी प्लास्टिकची पिशवी पुरेल, की तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी घ्यावी?

दापोलीकर:
मार्चमध्ये दोन साध्या पिशव्या, एकीत एक घालून, पुरतात. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून सकाळीच जा.