वजन, धावणे आणि ताकद : तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी कशी सांभाळावीत?

प्रश्न

माझे वय 43 आहे आणि काम बैठे आहे. सहा महिन्यांपूर्वी मी वहीच्या पहिल्या पानावर तीन उद्दिष्टे लिहिली : 8 किलो वजन कमी करणे, न थांबता 10 किलोमीटर धावणे आणि स्वतःच्या वजनाइतका भार खांद्यावर घेऊन पाच स्क्वॉट (बैठका) मारणे. पहिले काही महिने तिन्हींत प्रगती दिसली, म्हणून हुरूप येऊन मी आठवड्यातून चार दिवस धावणे आणि तीन दिवस वजनांचा व्यायाम असा क्रम लावला, शिवाय खाणेही बरेच कमी केले. गेल्या सहा आठवड्यांत मात्र सगळेच अडले आहे. स्क्वॉट 55 किलोच्या पुढे सरकत नाही, पूर्वीच्याच वेगाला आता धाप लागते, काट्यावरचा आकडा 81 आणि 82 यांच्यामध्ये घुटमळतो, आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावले टाकताना उजव्या नडगीची आतली कड ठणकते. मी एकही दिवस चुकवलेला नाही. एखादे उद्दिष्ट सोडून द्यावे का, की वेळापत्रकातच चूक आहे?

उत्तर 1

सोडू एकही नका, पण त्यांची रांग लावा. तुमच्या प्रश्नातले ‘एकही दिवस चुकवलेला नाही’ हे वाक्य मला सर्वांत बोलके वाटले, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीत, आणि तुमच्या आठवड्यात ती उरलेलीच नाही.

ताकद आणि दमसास एकाच वेळी जोरात वाढवू गेल्यास काय होते, हे व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. एका गटाने फक्त ताकदीचा, दुसऱ्याने फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही व्यायाम 10 आठवडे केले. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. दमसास मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. त्यांचा व्यायाम फार कडक होता, त्यामुळे सामान्य माणसाला इतका फटका बसेलच असे नाही. पण तुम्ही त्यात कमी खाण्याचीही भर घातली आहे.

याच संशोधकांनी नंतर उलटा प्रश्न विचारला : कमावलेला दमसास टिकवायला किती कष्ट पुरतात? आठवड्यातून सहा दिवस व्यायाम करणाऱ्यांनी तो दोन दिवसांवर आणला, तरी जोर तेवढाच ठेवल्यामुळे 15 आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास तशीच राहिली. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. म्हणजे मिळवणे महाग असते, राखणे स्वस्त. तीनपैकी एकच उद्दिष्ट 10-12 आठवडे पुढे ठेवा आणि उरलेल्या दोहोंना राखणीपुरते द्या. ताकदीची राखण करायची तर दिवस कमी करा, फेऱ्या कमी करा, पण दांडीवरचे वजन कमी करू नका.

उत्तर 2

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र रांगेत पहिला क्रमांक नडगीचा. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, हाडे आणि स्नायुबंध त्यांच्या बरेच मागे राहतात. दम आहे म्हणून आपण पळतो आणि भुर्दंड नडगी भरते. अंगठ्याने दाबून पाहा. दुखरा भाग लांबट पट्ट्यासारखा असेल, तर तो बहुधा अतिताणाचा त्रास असतो आणि धावणे कमी केल्यावर हळूहळू निवतो. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. तेव्हा धावणे पूर्ण थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

काट्याबद्दलही थोडे. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवलेली साखर) सुमारे 3 ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे रोजचा आकडा सहज किलोभर इकडेतिकडे होतो. आठवड्याची सरासरी काढा. ती सहा आठवडे हललेली नसेल, तर (स्पष्ट लिहितो, राग मानू नये) तुम्ही समजता तेवढे खाणे कमी झालेले नाही. धावून आल्यावरची भूक हिशेबात धरली आहे का?

उत्तर 3

माझे वय 61 आहे, म्हणून जरा लांबचे सांगतो. अडतिसाव्या वर्षी ठरवलेला धावण्याचा वेग मी पन्नाशीपर्यंत उराशी धरून बसलो होतो; घरची जबाबदारी बदलली, झोप बदलली, पण वहीतला आकडा बदलायला मन तयार होईना. आता मी दोन आकडे ठेवतो. एक त्या त्या हंगामाचा, जो खुशाल बदलावा. दुसरा तळाचा, ज्याच्या खाली वाईटातल्या वाईट महिन्यातही जायचे नाही. तळासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस मला पुरते : आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही त्यात येतात, म्हणून मी आतापासूनच मोजे उभ्याने, एका पायावर तोल सावरत घालतो. डावा पाय अजून दगा देतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दाबून पाहिले, दुखरा भाग साधारण चार बोटे लांबीचा पट्टा आहे, एका जागी कळ नाही आणि रात्री दुखत नाही. भुकेबद्दलचा प्रश्न वर्मी लागला, कारण धावण्याच्या दिवशी मी नोंद न करताच खातो. 12 आठवडे वजन पुढे ठेवावे, स्क्वॉट 55 किलोवरच आठवड्यातून दोनदा करावे आणि धावण्याऐवजी तूर्त सायकल चालवावी, असे ठरवत आहे. पण वजन आठव्या आठवड्यातच उतरले, तर तेव्हाच पुढच्या उद्दिष्टाकडे वळावे का?

उत्तर 1

लगेच वळू नका. उरलेले चार आठवडे खाणे थोडे वाढवून ते वजन स्थिर ठेवून पाहा, कारण उतरलेले वजन राखणे हेही शिकावे लागते. त्या काळात सकाळी नडगी दुखेनाशी झाली, तर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशा पाळीने, एक दिवसाआड, वीस मिनिटांपासून धावणे पुन्हा सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा पावले कशी पडतात, तेवढे मात्र वहीत लिहीत जा.