गांधीलमाश्यांचं पोळं सापडत नाहीये, कुठे बघू?

परसदार_चिपळूण:
गणपतीसाठी गावच्या घरी आलोय, घर मे एंडपासून बंदच होतं. पडवीत गांधीलमाश्यांची नुसती ये-जा चालू आहे पण पोळं काही दिसत नाही. वळचण बघितली, माळा बघितला, मीटरची पेटी उघडून बघितली. लहान पोरं आहेत घरात म्हणून टेन्शन आलंय.

वाशिष्ठीकाठ:
पोळं शोधू नको रे, माशीवर नजर ठेव. ऊन पडलं की जरा लांब खुर्ची टाकून बस, पडवीत इकडेतिकडे भिरभिरणारी सोडून दे, ती भक्ष्य शोधत असते. नळाजवळ पाणी प्यायला आलेली किंवा जुन्या लाकडी फाटकावर बसून लाकूड खरवडणारी बघ, त्या लाकडाच्या लगद्यात थुंकी मिसळूनच ती पोळं बांधते, त्यामुळे तिथून उडाली की बहुतेक सरळ घरीच जाते. एकाच फटीत दोन-तीन जणी जाताना दिसल्या की झालं. आणि सगळे वर मान करून शोधतात, खाली जास्वंदीच्या झुडपात किंवा गेटच्या पोकळ पाइपच्या तोंडाशी कोणी बघत नाही.

चकलीभाजणी:
आधी माशी कुठली ते बघा. प्लगच्या भोकात नाहीतर खिडकीच्या चौकटीत चिखलाचं घर असेल तर ती कुंभारीण, एकटी राहते, उगाच अंगावर येत नाही, आत अळ्या नाहीतर कोळी बधिर करून पिल्लांसाठी भरून ठेवते. तुमचं कागदी असणार, राखाडी, देठाला लटकलेलं, खालून खण उघडे. यातल्याच एका जातीवर बंगळूरच्या राघवेंद्र गदगकरांनी आयुष्यभर अभ्यास केलाय, तिची राणी दिसायला बाकीच्यांसारखीच आणि स्वभावाने गरीब. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सांगायला पाहिजे हे 😄

दादूस४२:
सापडलं की रात्री काठीला चिंधी बांधून रॉकेलचा टेंभा लावा, आमच्याकडे असंच करतात.

वाशिष्ठीकाठ:
@दादूस कौलारू घर आहे हो, जुने सुके वासे, माश्या राहतील बाजूला आणि घर जाईल. अंधार पडला की सगळ्या पोळ्यावर बसलेल्या असतात तेव्हा माहीतगार माणसाकडून काढून घ्या. हिचा काटा मधमाशीसारखा तुटून राहत नाही, एकच माशी परत परत डंख मारते. चावलीच तर बर्फ लावा, पण ओठ-घसा सुजला किंवा दम लागला तर कांदा चोळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

परसदार_चिपळूण:
मिळालं!! पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला ताडपत्री बांधलेली, तिच्या वरच्या घडीत आहे, तळहाताएवढं. फाटकावरची माशी बरोबर तिकडेच गेली. शेजारचे काका उद्या संध्याकाळी येतायत, तोपर्यंत झोपाळा बंद म्हणून पोरांनी घर डोक्यावर घेतलंय. ताडपत्री सोडायची की तशीच ठेवून पोळं काढायचं?

वाशिष्ठीकाठ:
तशीच ठेव, हलवली की उठतील सगळ्या.