मार्गारेट रदरफोर्ड: छोट्या भूमिकांचे काम त्या कशा करीत?

रामबागची रहिवासी
इंदुरातल्या एका हौशी नाट्यमंडळात मी सहा वर्षे काम करते. माझे वय एकोणचाळीस आहे. येत्या प्रयोगात माझ्याकडे एका विक्षिप्त आत्याबाईंची भूमिका आली असून त्यात मी जेमतेम अकरा मिनिटे रंगमंचावर असते. तालमीत मला सारखे सांगतात, "ताई, जरा विनोदी करा, हशा आला पाहिजे." मात्र मी जितकी खटपट करते तितके ते काम मलाच खोटे वाटू लागते. गेल्या आठवड्यात ब्रिटिश अभिनेत्री मार्गारेट रदरफोर्ड यांचा मिस मार्पलचा, म्हणजे अगाथा ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांतल्या वृद्ध हौशी गुप्तहेर बाईंचा, एक जुना चित्रपट पाहिला. मला हसू आवरत नव्हते, पण त्या बाई कोठेही हसवायला निघालेल्या दिसल्या नाहीत. त्यांच्याविषयी कोणी सविस्तर लिहील का?

जुना प्रेक्षक
ताई, आपल्या वयाचा उल्लेख वाचला म्हणून आधी हे सांगतो की, १८९२ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या बाई १९२५ मध्ये, म्हणजे तेहेतिसाव्या वर्षी, ओल्ड व्हिक नाट्यगृहात पहिल्यांदा दाखल झाल्या. तोवर त्या पियानो आणि वक्तृत्व शिकवून पोट भरत होत्या, आणि तिथला एक हंगाम संपल्यावर त्यांना पुन्हा शिकवण्यांकडेच वळावे लागले. खरे नाव झाले ते चाळिशी उलटल्यानंतर.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला १९४१ च्या 'ब्लाइद स्पिरिट' या नाटकात दिसते. प्लँचेट करणाऱ्या मादाम आर्काती ही भूमिका त्या सुरुवातीला घ्यायला तयार नव्हत्या, कारण परलोकविद्येची थट्टा त्यांना मान्य नव्हती. भूमिका स्वीकारल्यावर त्यांनी आर्कातीबाईंना आपल्या विद्येवर पूर्ण श्रद्धा असलेली, कामसू बाई म्हणून उभे केले, आणि हशा त्या श्रद्धेतूनच आला. १९४५ च्या चित्रपटात हे आजही पाहता येते.

दुसरे उदाहरण 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या १९५२ च्या चित्रपटातल्या मिस प्रिझम या शिक्षिकेचे. शेवटच्या प्रवेशात अठ्ठावीस वर्षांपूर्वी हरवलेली हातपिशवी तिच्यापुढे येते. एका मुलाच्या जन्माचे रहस्य त्या पिशवीवर अवलंबून असते आणि सारे जण श्वास रोखून उभे असतात, पण बाई मात्र पिशवीवरचा जुना ओरखडा, अस्तरावरचा डाग आणि कुलपावरची आपली आद्याक्षरे एकेक करून तपासतात. त्या क्षणी तिला मुलापेक्षा पिशवीच महत्त्वाची वाटते. हा प्रवेश कृपया दोनदा पाहावा.

ग्रंथालयातला
त्यांच्या भारतसंबंधाची भर घालतो. त्यांचे वडील विल्यम बेन यांनी १८८३ मध्ये मनोविकाराच्या झटक्यात स्वतःच्या वडिलांचा जीव घेतला होता. ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयातून सुटल्यावर त्यांनी बेन हे आडनाव टाकले आणि मार्गारेट तान्ही असताना कुटुंब भारतात आले. इथेच आईने आत्महत्या केली. तीन वर्षांच्या मुलीला विम्बल्डनच्या मावशीने वाढवले आणि वडील वारल्याचे तिला सांगण्यात आले, जे खरे नव्हते. १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री असलेले वेजवुड बेन हे मार्गारेट यांचे सख्खे चुलतभाऊ होते. त्या मार्पलच्या चित्रपटांना आधी का नकार देत होत्या, हे हा इतिहास कळल्यावर समजते. खून हा त्यांच्यासाठी करमणुकीचा विषय नव्हता.

विंगेतून
वरच्या दोघांशी सहमत असूनही एक मतभेद नोंदवतो. अगाथा ख्रिस्ती यांची मार्पल किरकोळ अंगाची, शांत, विणकाम करीत बसणारी आहे. रदरफोर्डबाईंची मार्पल धिप्पाड, घोड्यावर बसणारी आणि तलवारही चालवणारी आहे. १९६१ ते १९६४ मधल्या त्या चार चित्रपटांत भूमिका बाईंच्या मापाची झाली, बाई भूमिकेच्या मापाच्या झाल्या नाहीत. ख्रिस्तींना ते चित्रपट आवडले नव्हते, तरी १९६२ ची आपली एक मार्पल कादंबरी त्यांनी याच अभिनेत्रीला अर्पण केली. ऑस्करही मार्पलसाठी मिळाले नाही, ते 'द व्ही.आय.पी.ज' मधल्या कफल्लक डचेससाठी मिळाले, आणि तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. ताईंनी त्यांच्याकडून गांभीर्य घ्यावे, हनुवटीची थरथर घेऊ नये.

एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी: मार्पल करताना त्या स्वतःचेच कपडे वापरीत, आणि त्यांचे पती स्ट्रिंगर डेव्हिस त्याच चित्रपटांत त्यांच्या सोबत्याची भूमिका करीत.

रामबागची रहिवासी
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. पिशवीचा प्रवेश काल रात्री तीनदा पाहिला. आमच्या आत्याबाई लग्नघरात येतात त्या लोणच्याची बरणी घेऊन, आणि आजवर ती बरणी मी आल्या आल्या कोपऱ्यात ठेवून वाक्ये म्हणायला धावत होते. आज संध्याकाळच्या तालमीला सासूबाईंची जुनी चिनी मातीची बरणी नेते आहे. तिच्या तोंडाला बांधलेले फडके सैल झाले आहे का, तेल पाझरले आहे का, हे आधी नीट पाहीन. नवरदेवाकडे त्यानंतर वळेन.