मदत हवी आहे: साखर कंपनीच्या तिमाही निकालातला ‘साठ्यातील बदल’ कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. उद्यमनगरात माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. जमाखर्च कळतो, पण हे प्रकरण डोक्यावरनं चाललंय.

वडिलांनी घेतलेले एका साखर कंपनीचे शेअर आहेत, म्हणून जून तिमाहीचे (एप्रिल ते जून) निकाल उघडले. गाळप संपलेलं, ऊसखरेदी जवळपास शून्य. तरी एकूण खर्च भरमसाट! कारण खर्चात ‘तयार मालाच्या साठ्यातील बदल’ म्हणून मोठी रक्कम धरलीय. मार्च तिमाहीत हीच ओळ कंसात, म्हणजे खर्चातून वजा.

माझा अंदाज असा: हंगामात केलेली साखर गोदामात पडून असते तोवर तिचा खर्च पुढं ढकलतात, आणि विकली की तो अंगावर येतो. बरोबर आहे का?

तसं असेल तर जूनची तुलना मार्चशी न करता गेल्या वर्षीच्या जूनशीच करायची ना? आणि ‘इतर उत्पन्न’ (व्याज वगैरे, मुख्य धंद्याबाहेरची कमाई) वजा करूनच धंद्याचा खरा नफा बघायचा का? निकालाखालच्या टिपेत ‘व्यवसाय हंगामी आहे’ एवढं एक वाक्य टाकून मोकळे झालेत.

ग्रुपात कुणी सीए असेल तर सोप्या भाषेत सांगा. भेटलात तर मिसळ माझ्याकडून, जादा कटासकट.