टीएसएच ६.८ : 'थायरॉइड सपोर्ट'ची गोळी सुरू करावी का?

अबोली
बहिणीसाठी विचारते आहे. वय ३४. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की वाढतं) ६.८, फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवते ते हार्मोन) १.१, लॅबच्या नॉर्मलमध्ये, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) ३४०. डॉक्टरांनी थायरॉइड हार्मोनची गोळी दिलेली नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. थकवा आणि केसगळती आहे. केसांसाठी रोज बायोटिन १० मिलिग्रॅम आणि एक मल्टिव्हिटॅमिन चालू आहे, त्यात आयोडीन १५० आणि सेलेनियम ५५ मायक्रोग्रॅम. आता तिने 'थायरॉइड सपोर्ट' मागवलं आहे. लेबलवर आयोडीन ३२५ मायक्रोग्रॅम (केल्प या समुद्री शेवाळातून), सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, झिंक १५ मिलिग्रॅम, टायरोसिन ५००, अश्वगंधा अर्क ३०० मिलिग्रॅम. यातलं खरंच काही लागतं का? आणि डॉक्टर थांबा म्हणतात तेव्हा नुसतं थांबायचं का?

सूक्ष्मदर्शी
सप्लिमेंटचं नंतर बघू, आधी हा रिपोर्टच तपासायला हवा. १० मिलिग्रॅम बायोटिन चालू असताना रक्त दिलं असेल तर हे आकडे जसेच्या तसे धरू नका. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही गोळी तिच्या तीनशे पटींहून जास्त आहे.

होतं काय, तर बऱ्याच यंत्रांमधल्या हार्मोनच्या चाचण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीवर चालतात. किटमधलं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनला चिकटतं आणि त्यावरून सिग्नल मिळतो. रक्तातच बायोटिन जास्त असेल तर ते त्या जागा आधीच अडवून बसतं आणि सिग्नल घटतो. टीएसएचच्या पद्धतीत कमी सिग्नल म्हणजे कमी टीएसएच. फ्री टी४ची पद्धत उलटी आहे, तिथे सिग्नल कमी आला की टी४ जास्त दिसतं. अँटी-टीपीओसुद्धा काही किटमध्ये असंच खोटं वाढतं.

म्हणून तिचं खरं टीएसएच ६.८पेक्षा जास्त आणि खरं टी४ १.१पेक्षा कमी असू शकतं. तसं असेल तर उपचाराचा निर्णयही बदलेल. सगळ्या यंत्रांना हा त्रास नाही, त्यामुळे लॅबला सरळ विचारा की तुमच्या टीएसएच किटमध्ये बायोटिनचा अडथळा येतो का.

पुन्हा तपासताना बायोटिन किमान दोन दिवस बंद, एवढ्या मोठ्या डोसला तीन दिवस धरा. लॅब तीच, वेळ सकाळची, कारण टीएसएच रात्री चढतं आणि दुपारपर्यंत उतरतं. नुकताच मोठा आजार होऊन गेला असेल तर बरं होतानाही टीएसएच काही काळ वाढलेलं दिसतं, तेव्हा थोडं थांबून तपासा.

खलबत्ता
आता गोळ्यांची बेरीज करू. आयोडीन ३२५ आणि १५० म्हणजे ४७५, शिवाय आयोडीनयुक्त मीठ आणि जेवणातलं वेगळं. प्रौढ माणसाची गरज १५० आहे. ४७५ हा आकडा कमाल मर्यादेच्या आत बसतो (युरोपात ६००, अमेरिकेत ११००), पण ती मर्यादा निरोगी ग्रंथीसाठी आहे. आयोडीन एकदम वाढलं की ग्रंथी हार्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८मध्ये दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत त्यातून बाहेर पडते. अँटी-टीपीओ वाढलेलं असतं तेव्हा, म्हणजे हाशिमोटोमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच हल्ला करते तो ऑटोइम्यून आजार), तिला ते अनेकदा जमत नाही आणि टीएसएच आणखी चढतं. त्यात केल्पमधलं आयोडीन जातीनुसार आणि बॅचनुसार फार बदलतं, लेबलवरच्या ३२५वर भरवसा ठेवता येत नाही.

सेलेनियम २०० आणि ५५, म्हणजे २५५. युरोपने २०२३मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा नेमकी २५५ आहे, आणि जेवणातलं सेलेनियम अजून मोजलेलंच नाही. जास्त झाल्याचं ठळक लक्षण म्हणजे केस गळणं आणि नखं ठिसूळ होणं! ज्यासाठी ती गोळी घेणार तेच वाढायचं. हाशिमोटोत रोज २०० घेतल्यावर अँटी-टीपीओचा आकडा उतरतो हे खरं, पण तो उतरल्याने थकवा जातो किंवा हार्मोनची गोळी टळते असं ठामपणे दिसलेलं नाही. सेलेनियमला खरा आधार आहे तो ग्रेव्हजमधल्या (थायरॉइड जास्त काम करते त्या आजारातल्या) डोळ्यांच्या सौम्य त्रासात, १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने. तो आजार वेगळा.

टायरोसिन शरीर स्वतः बनवतं, त्याची टंचाई हे टीएसएच वाढण्याचं कारण नसतं. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या, क्वचित धडधड-थरथर होईपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि ती घेत असताना पुढचा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थच लागणार नाही. झिंकबद्दल माझी तक्रार नाही. एक गोष्ट मात्र गंभीर आहे : असल्या बाटल्यांची तपासणी झाली तेव्हा काहींमध्ये लेबलवर न लिहिलेलं टी३-टी४ हार्मोनच सापडलं होतं. ही बाटली उघडू नका.

अबोली
बायोटिनचं अजिबात माहीत नव्हतं. मग थकवा आणि केसांसाठी काय करायचं? आणि उद्या डॉक्टरांनी हार्मोनची गोळी सुरू केलीच तर मल्टिव्हिटॅमिन चालू ठेवायचं का?

पानगळ
थांबण्याच्या काळात करण्यासारखं बरंच आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. या वयाच्या बाईत थकवा आणि केसगळती म्हटलं की मला पहिला संशय लोहाचा. थायरॉइड हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ एन्झाइमला हीम (लोह असलेला घटक) लागतं, म्हणजे लोह कमी पडलं तर ग्रंथीचंही काम अडतं. फेरिटिन ३०च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी लोह भरून काढावं लागतं. रोज दोनदा गोळ्या घेण्यापेक्षा एक दिवसाआड एक घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं. डोस डॉक्टरांकडून घ्या.

बी-१२ यासाठी की ज्यांना थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असतो त्यांच्यात जठराचाही तसाच आजार जास्त आढळतो आणि मग बी-१२ शोषलं जात नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर घ्या, पण त्याने टीएसएच उतरेल ही अपेक्षा नको.

आणि बाळाचा विचार असेल तर तीन महिने थांबू नका, आत्ताच डॉक्टरांना सांगा. तेव्हा टीएसएचची उद्दिष्टं वेगळी असतात आणि आयोडीनची गरजही २५०पर्यंत जाते.

खलबत्ता
मल्टिव्हिटॅमिन चालेल, वेळ सांभाळा. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर ३० ते ६० मिनिटं काही नाही, कॉफीसुद्धा नाही. लोह, कॅल्शियम, अँटासिड आणि मल्टिव्हिटॅमिन त्यानंतर किमान चार तासांनी. सकाळ जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन-चार तासांनी.

घोटाळा असा होतो : गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं जातं, टीएसएच उतरत नाही, डोस वाढतो. पुढे कधीतरी कॅल्शियम बंद होतं, तोच वाढलेला डोस पूर्ण शोषला जातो आणि धडधड सुरू होते. म्हणून नवीन सप्लिमेंट सुरू किंवा बंद केलं की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. टी४चं अर्धआयुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे सात दिवसांचं आहे, त्यामुळे सहा आठवड्यांच्या आधी तपासलं तर आकडा स्थिरावलेला नसतो.

सूक्ष्मदर्शी
फ्री टी४ करायचं असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, आधी घेतली तर काही तास टी४ थोडं जास्त येतं. आणि फॉर्मवर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं डोससकट लिहा, केसांची गोळीही. ती बहुतेक जण औषधात धरतच नाहीत.