टीव्हीसाठी जुळवलेला बँड खरा मानायचा की नाही?

सूरपारंबी

परवा जेवताना भाचा म्हणाला, "मावशी, मंकीज हा बँड नव्हताच. टीव्हीवर बँड असल्याचं सोंग करणारी चार पोरं होती ती." हात धुऊन उठले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९६५च्या सप्टेंबरात हॉलिवूडच्या व्यावसायिक वर्तमानपत्रांत एक जाहिरात आली. नव्या टीव्ही मालिकेसाठी १७ ते २१ वयाची, गाणारी-वाजवणारी चार वेडी पोरं हवी होती. बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या दोघांना बीटल्सच्या धर्तीवर धमाल करणारा एक बँड पडद्यावर उभा करायचा होता. ४३७ जण आले, त्यातून चौघे ठरले. डेव्ही जोन्स ब्रॉडवेच्या रंगमंचावरून आलेला इंग्रज मुलगा, मिकी डोलेन्झ लहानपणी टीव्हीवर सर्कशीतल्या पोराचं काम केलेला. माइक नेस्मिथ आणि पीटर टॉर्क मात्र गिटार घेऊन क्लबांतून गाणारे, खरे वाजवणारे. १२ सप्टेंबर १९६६ला एनबीसीवर मालिका सुरू झाली.

गाण्यांची सूत्रं डॉन कर्शनर यांच्या हातात होती. त्यांची पद्धत साधी. गाणी नावाजलेल्या गीतकारांकडून घ्यायची, स्टुडिओत कसलेले वादक बसवायचे, या चौघांनी यायचं आणि गाऊन जायचं. पहिलंच 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग नील डायमंड यांनी लिहिलेलं 'आय अ‍ॅम अ बिलिव्हर' सात आठवडे तिथून हललं नाही. दोन्हींत आवाज मिकीचा, वाद्यं इतरांची.

इथपर्यंत भाच्याचं बरोबर आहे, पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. १९६७च्या जानेवारीत त्यांचा दुसरा अल्बम दुकानात आला. बँडला पत्ताच नव्हता! दौऱ्यावर असताना स्वतःचीच रेकॉर्ड विकत आणून त्यांनी ऐकली. नेस्मिथने वार्ताहरांना उघड सांगून टाकलं की रेकॉर्डवर आम्ही वाजवत नाही. कर्शनर यांच्याबरोबरच्या बैठकीत तो इतका भडकला की त्याने हॉटेलच्या भिंतीत ठोसा घालून भोक पाडलं. काही आठवड्यांतच कर्शनर गेले. चौघे स्टुडिओत शिरले, मे महिन्यात 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम आला, आणि त्यातलं जवळजवळ सगळं वादन त्यांचं स्वतःचं आहे.

आयतं यश पायाशी असताना "आम्हाला वाजवू द्या" म्हणून भांडणाऱ्यांना मी सोंग म्हणणार नाही. माझ्या मते ते त्या दिवसापासून बँड झाले. तुम्हाला काय वाटतं?

ढोलकीवाला

असहमत, आणि जरा कळकळीने असहमत.

मी अठरा वर्षं रेकॉर्डिंगला वाजवलंय. या गोष्टीत सगळ्यांची सहानुभूती त्या चार देखण्या पोरांना. आम्हाला वाजवू दिलं नाही म्हणून ती रुसली. पण जे वाजवत होते त्यांचं काय? 'क्लार्क्सव्हिल'ची ती सुरुवातीची गिटार ऐका, तिच्यावरच गाणं ओळखलं जातं. ती लुई शेल्टनची. गाणं टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट यांनी लिहिलं, त्यांच्याच बँडने वाजवलं. दर आठवड्याला टीव्हीवर मात्र गिटार दुसऱ्याच्या गळ्यात दिसायची. पोरींच्या किंकाळ्याही त्यालाच.

आपल्याकडे हेच गोव्याच्या वादकांच्या वाट्याला आलं. अँथनी गोन्सालविस, सेबॅस्टियन डिसूझा यांनी हिंदी चित्रपटसंगीताला व्हायोलिनचे ताफे आणि अरेंजिंग (कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल याची बांधणी) दिलं. रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांची नावं शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल.

आणि 'हेडक्वार्टर्स'चं एवढं कौतुक करता, तर हेही सांगा: आधीचे दोन अल्बम मिळून ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. हा एक आठवडा. लगेच बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि हा खाली. शिवाय पुढच्याच अल्बममध्ये ड्रमवर पुन्हा बाहेरचा वादक बसवला. मग त्या भिंतीतल्या भोकाचं काय झालं?

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे ही चर्चा मंकीजवर नव्हे, बिग टाइम रशवर झाली. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीची मालिका, २००९ ते २०१३. मिनेसोटातले चार हॉकी खेळणारे मित्र लॉस एंजेलिसला जाऊन बॉय बँड होतात अशी गोष्ट. साचा उघडउघड मंकीजचाच. फरक एवढाच की या वेळी रेकॉर्ड कंपनी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. मालिका चालू असतानाच अल्बम आणि दौरे.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. खोलीच्या दारावर त्यांचं पोस्टर. मला ते अजिबात आवडायचं नाही. हा सगळा माल विकायचा धंदा आहे, असं मी तिला तोंडावर म्हणालोही होतो. मालिका संपली, पोस्टर निघालं, मी सुटलो असं समजलो. २०२१मध्ये ते चौघे पुन्हा एकत्र आले. आता मालिका नाही, पटकथा नाही, कुणी ओढून आणलेलं नाही. २०२२च्या दौऱ्यात लेकीने स्वतःच्या पगारातून दोन तिकिटं काढली आणि मला घेऊन गेली.

आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीची मुलं. प्रत्येक गाणं तोंडपाठ. स्टेजवरचे चौघे आता तिशीतले, आणि एकमेकांकडे बघून हसताना दिसत होते ते पटकथेतलं हसू नव्हतं. मी लेकीला तिथेच सॉरी म्हणालो. कुणी जुळवलं याला माझ्या लेखी आता फार किंमत नाही. ठरवून केलेली लग्नंही टिकतातच की.

ढोलकीवाला

एडिसनकर, लग्नाची उपमा गोड आहे, पण लग्नात नवऱ्याच्या जागी कुणी तिसराच संसार करत नसतो. माझा मुद्दा जुळवण्याचा नाहीच. ज्याने वाजवलं त्याचं नाव लपवण्याचा आहे.

रेकॉर्डवेडा

ढोलकीवाल्यांच्या मुद्द्याला आणखी एक गोष्ट जोडतो.

मंकीजनी हाकलल्यावर कर्शनर यांनी काय केलं? पुन्हा भांडणारी माणसंच नकोत म्हणून चित्रं घेतली. आर्ची कॉमिक्सवरून १९६८मध्ये सीबीएसवर कार्टून मालिका आली आणि तिच्यातला बँड म्हणजे आर्चीज. (बेटी आणि व्हेरोनिका त्यात असल्याने याला बॉय बँड म्हणता येणार नाही, पण कूळ तेच.) 'शुगर, शुगर' १९६९मध्ये चार आठवडे पहिलं, आणि गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या हिशोबात त्या अख्ख्या वर्षाचं पहिलं गाणं! गायले रॉन डान्टे आणि टोनी वाइन. श्रेय आर्चीजना, म्हणजे कागदावरच्या रेघांना. त्याच वर्षी डान्टेचं 'ट्रेसी' हे गाणं कफ लिंक्स या नावाखाली पहिल्या दहात होतं. एकच गळा, दोन बँड, आणि दोन्हींवर त्याचं नाव नाही.

आपल्याकडे अगदी असंच एकदा झालंय. १९४९च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला'. पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेलं पात्र! गाणं रेडिओवर वाजायला लागलं, लोक विचारायला लागले की ही कामिनी कोण, आणि मग लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. पुढे पार्श्वगायकांना श्रेय मिळावं म्हणून त्या स्वतः झगडल्या. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पारितोषिक १९५९पासून आहे, त्यामागेही त्यांचा हट्ट आहे.

म्हणून आपल्या श्रोत्याला पडद्यावरचे ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा याचं काही वाटत नाही. आपल्याला आवाज कुणाचा ते ठाऊक असतं. फसवणूक तेव्हाच होते, जेव्हा 'कामिनी' छापलं जातं.

मानसी_ठाणे

सगळे ६०च्या दशकात रमलेत, म्हणून २००० सालचं एक सांगते. एमटीव्हीने तेव्हाच्या बॉय बँडांची टर उडवायला 'टुगेदर' नावाचा खोटा बँड काढला. आधी टीव्हीपट, मग मालिका. एक बंडखोर, एक लाजरा, एक गोंडस, एक मोठा भाऊ असे बॉय बँडचे ठरलेले साचे त्यांनी पात्रं म्हणून घेतले. गाणी मुद्दाम बावळट लिहिलेली. अल्बम मात्र खरे निघाले आणि लोकांनी ते मनापासून विकत घेतले.

त्यातल्या सगळ्यात लहान मुलाच्या पात्राला एक दुर्धर आजार दाखवला होता, विनोद म्हणून. तो करणारा मायकल कुच्चिओने हा कॅनडातला मुलगा लहानपणी खरोखर कर्करोगातून उठलेला होता. मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी तो पैसे गोळा करायचा. २००१च्या जानेवारीत, सोळावा वाढदिवस होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच श्वसनाच्या त्रासाने तो गेला. त्याच्यानंतर तो बँडही राहिला नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. चुलतबहिणीने अमेरिकेतून पाठवलेली त्यांची कॅसेट माझ्याकडे होती. बातमी कळली तेव्हा मी रडले, आणि घरात सगळे म्हणाले, अगं तो बँड खोटा होता. पण मुलगा खोटा नव्हता ना. तुम्ही सगळे वाद्यं कुणी वाजवली ते मोजताय. या मुलांनी वयाची जी वर्षं त्यात घातली ती कुठे मोजायची?

सूरपारंबी

मानसी, तुझं वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटेना.

ढोलकीवाले, तुमचं उत्तर बाकी आहे. 'हेडक्वार्टर्स' एकच आठवडा पहिला होता, मान्य. नंतर बाहेरचा ड्रमर आला, तेही मान्य. पण त्यांचं भांडण दुसऱ्या वादकांशी कधीच नव्हतं. कुणाला बोलवायचं, काय वाजवायचं, कोणतं गाणं घ्यायचं हे आपण ठरवणार, एवढाच त्यांचा आग्रह होता. कर्शनरच्या काळात ठरवणारा तिसराच होता, नंतर ठरवणारे हे होते. मिकीने तर ड्रम मालिकेसाठी शिकायला घेतले, आणि १९६६च्या डिसेंबरात होनोलुलूला हजारो लोकांसमोर बसून वाजवले. म्हणजे रेकॉर्डवर मनाई होती तेव्हाही मंचावर हे चौघे स्वतःच वाजवत होते! शिकाऊ हातांनी, किंकाळ्यांच्या गदारोळात, पण स्वतःच.

तुम्ही म्हणता नाव लपवलं. खरंय. पण ते लपवणं पहिल्यांदा चव्हाट्यावर कुणी आणलं? नेस्मिथने. गप्प राहून त्याला नुसते पैसे मोजता आले असते. आमची रेकॉर्ड दुसऱ्यांनी वाजवलीय, असं ऐन भरात कबूल करणारा एक तरी कलावंत मला दाखवा.

रेकॉर्डवेडा, 'कामिनी'चं उदाहरण माझ्या भाच्याला ऐकवणार आहे. लतादीदींनीही 'कामिनी' हे नाव पुसायला लावलं, आणि या चौघांनीही आपल्या नावावरचा खोटेपणा पुसायला लावला. मला ही दोन्ही भांडणं सख्ख्या बहिणी वाटतात.

ढोलकीवाला

सख्ख्या नाहीत. लताबाई गायल्या होत्या आणि नाव मागत होत्या. या पोरांचं नाव आधीच होतं, ती वाजवायला मागत होती. उलट्या दिशेची भांडणं आहेत. लताबाईंच्या बाजूला बसायचंच तर तिथे लुई शेल्टन बसेल, नेस्मिथ नाही.

मात्र नेस्मिथने तोंड उघडलं हे मी हिशोबात धरलं नव्हतं. ते धरायला हवं होतं. आमच्या धंद्यात मी तसं करणारा पाहिला नाही. एका मोठ्या नावाच्या अल्बमवर आठ गाण्यांत तालवाद्यं माझी आहेत आणि पाकिटावर दुसऱ्याचं नाव आहे. त्या दुसऱ्याने आजवर अवाक्षर काढलेलं नाही. लग्नसमारंभात भेटतो, छान बोलतो.

काल रात्री 'हेडक्वार्टर्स' दोनदा ऐकला. मिकीचा हात कच्चा आहे, दोन ठिकाणी लय ओढली जाते, मी अरेंजर असतो तर थांबवून पुन्हा घेतलं असतं. पण शेवटचं 'रँडी स्काउस गिट' सुरू होतं ते टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यासारखं वाद्य), आणि ती टिंपनी मिकीचीच आहे, गाणंही त्यानेच लिहिलंय. इंग्लंडात ते नाव अश्लील वाटलं म्हणून बदलायला लावलं, तरी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तिथे मला दुसरा वादक नको वाटला. एवढं एक गाणं तुमचं.

बाकी सगळ्यांवर माझी हरकत कायम आहे. भाच्याला 'क्लार्क्सव्हिल' ऐकवाल तेव्हा ती गिटार कुणाची हे आधी सांगा.

सूरपारंबी

रविवारी येतोय तो. शेल्टनचं नाव आधी सांगेन, मग सुई ठेवेन.